मोझांबिकचा मुक्काम

आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी मांडवीच्या मुखाशी जाऊन उभे राहावे. समुद्र बंद झाला आहे, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही. मुखातल्या रेतीच्या बांधावर लाटा फुटत असतात. किनाऱ्यावरच्या होड्या चुडतांनी शाकारून ठेवलेल्या असतात. आणि एरवी पहाटेच्या काळोखात दर्यावर जाणारा रापणकार पडवीत बसून फाटलेले जाळे सांधीत असतो. कधी निघणार, असे विचारले तर तो मान वर न करता नारळी पौर्णिमेचे नाव घेतो. त्याच्या लेखी हे दिवस रिकामे नव्हेत. जाळे याच दिवसांत सांधायचे, होडीला तेल याच दिवसांत पाजायचे, आणि गेल्या हंगामाचा हिशेबही याच दिवसांत मिटवायचा.

आम्ही पडलो वकिली पेशातले. वाट पाहण्याचे आमचे शिक्षण न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तारीख पडली, की सत्तरीहून पहिल्या गाडीने आलेला पक्षकार भाकरीचे गाठोडे तसेच काखेत घेऊन परत फिरतो. त्याचा दिवस गेला, मजुरी बुडाली, घरी गुरांना वैरण घालायला शेजाऱ्याची मिनतवारी करावी लागली. पुढे यथावकाश निकालपत्र येते. त्यावर दावा दाखल झाल्याची तारीख असते आणि निकालाची तारीख असते. मधल्या वाट पाहण्याचा जमाखर्च कोणत्याही निकालपत्रात आमच्या पाहण्यात आलेला नाही.

सागरी प्रवासांचे इतिहासही असेच लिहिले गेले आहेत. अमुक साली अमुक दर्यावर्दी लिस्बनहून निघाला आणि अमुक दिवशी भारताच्या किनाऱ्याला लागला, एवढे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. परंतु शिडाच्या जहाजांच्या युगात निघणे आणि पोहोचणे यांच्यामध्ये तिसरी एक गोष्ट होती, आणि पुष्कळदा ती या दोहोंहून मोठी होती. ती म्हणजे मुक्काम. महासागर ओलांडण्यापूर्वी एखाद्या उष्ण, दमट, परक्या बंदरात वाऱ्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनेच्या महिने नांगर टाकून पडून राहणे. गोव्याशी ज्याचा अत्यंत निकटचा संबंध आला, अशा एका मुक्कामाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे. ते बंदर म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे मोझांबिक बेट.

प्रथम वाऱ्याचा कायदा समजून घेऊ. अरबी समुद्रावर वर्षातून दोनदा वारा दिशा बदलतो. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा धाव घेतो. हिवाळ्यात भूमी निवते आणि वारा उलटून ईशान्येकडून आफ्रिकेच्या दिशेने वाहू लागतो. अरबी भाषेत हंगामाला 'मौसिम' म्हणतात. आपला 'मोसम' त्यातूनच आला, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी 'मोंसांव' होऊन पुढे 'मान्सून' झालेला शब्दही तोच. आपल्या कोकणी तारवांवर मार्ग दाखविणाऱ्याला 'मालम' म्हणत. तोही अरबीतला 'मुअल्लिम', म्हणजे शिकविणारा. हा शिकविणारा पहिली गोष्ट शिकवी ती हीच, की आफ्रिकेहून भारताकडे यायचे तर नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर यावे, पण ज्येष्ठ-आषाढात तो वारा खवळतो तेव्हा येऊ नये. तो जोर धरण्यापूर्वी तरी यावे, नाही तर ओसरू लागल्यावर. परत जायचे तर ईशान्येचा वारा स्थिर होईपर्यंत थांबावे.

हा कायदा न जुमानणाऱ्याला शिक्षा काय, याचे दोन पुरावे एकाच माणसाच्या प्रवासात सापडतात. वास्को द गामा १४९८ सालच्या २४ एप्रिल रोजी मालिंदीहून निघाला. बरोबर स्थानिक राजाने दिलेला वाटाड्या होता. जुआंव द बारुश हा पोर्तुगीज इतिहासकार त्याला गुजरातचा मूर म्हणतो आणि त्याचे नाव 'मालेमु काना' असे देतो; त्या 'मालेमु'त आपला मालम दडलेला आहे. वाऱ्याची वेळ साधली होती. सुमारे साडेतीन आठवड्यांत मलबारची भूमी दिसली आणि २० मे रोजी जहाजे कालिकतच्या जवळ नांगरली. परतीच्या वेळी मात्र गामाला घाई झाली. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर त्याने जहाजे डागडुजीला घेतली, पाणी भरले, आणि ५ ऑक्टोबर रोजी शिडे उभारली. ईशान्येचा वारा अजून यायचा होता. वारा पडलेला आणि आला तर उलटा, अशा समुद्रावर ती जहाजे तीन महिन्यांना जेमतेम तीन दिवस कमी एवढा काळ भरकटली. १४९९ सालच्या २ जानेवारीला आफ्रिकेचा किनारा दिसला, तोपर्यंत तीस माणसे दगावली होती आणि प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच उरले होते. पुढे माणसेच पुरेनात म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. तोच समुद्र, तीच जहाजे, तोच कप्तान. अंजदीववर आणखी काही आठवडे थांबण्याचा धीर नव्हता, त्याची किंमत तीस माणसांनी दिली.

थांबणे हा प्रवासाचाच भाग होय, हे पोर्तुगीज अशा रीतीने शिकले. लिस्बनहून जहाजे मार्च महिन्यात किंवा एप्रिलच्या आरंभी सुटत. जुलैच्या सुमारास आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले, तर मादागास्कर आणि आफ्रिका यांच्या मधल्या खाडीतून वर येऊन, नैर्ऋत्येच्या सरत्या वाऱ्यावर सप्टेंबरात गोवा गाठता येई. यान ह्युखेन व्हान लिन्स्खोटेन या डच तरुणाचा प्रवास असा वेळेवर झाला. १५८३ सालच्या ८ एप्रिलला तो लिस्बनहून निघाला, ऑगस्टच्या आरंभी मोझांबिकला पोहोचला, तेथे दोन आठवडे थांबला आणि २१ सप्टेंबरला गोव्यात उतरला. परंतु वाटेत वारा पडला, डोलकाठी मोडली किंवा लिस्बनहूनच निघायला उशीर झाला, तर सगळे गणित चुके. मग मोझांबिक बेटापाशी नांगर टाकायचा आणि पुढचा मोसम येईपर्यंत बसून राहायचे, याखेरीज गत्यंतर नसे.

या बसून राहण्याला पोर्तुगीज भाषेत 'हिवाळा काढणे' म्हणत. शब्द युरोपातून आला होता. अर्थ मात्र वाटेतच गळून पडला होता. मोझांबिकचा हा 'हिवाळा' तेथल्या सर्वांत उकाड्याच्या आणि पावसाच्या महिन्यांत येई. आपल्याकडच्या पावसाळ्यालाही ते 'हिवाळा'च म्हणत. नांगरलेल्या जहाजाला एवढाच ऋतू ठाऊक असतो.

बेट म्हणाल तर लांबी तीनएक किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त अर्धा किलोमीटर. प्रवाळाची सपाट भूमी. गोड्या पाण्याचा झरा नाही. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून हे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे नांदते मुसलमानी बंदर होते आणि अरबी व्यापाऱ्यांची गलबते येथे थांबत. १४९८ च्या मार्चमध्ये गामा येथे आला तेव्हा यजमान आणि पाहुणे यांच्यात जे भांडण झाले, त्यात पिण्याचे पाणी हे एक मुख्य कारण होते. समोरच्या मुख्य भूमीवर पाणी भरायला गेलेल्यांना अडविण्यात आले, आणि निघण्यापूर्वी पोर्तुगीजांनी तोफा डागल्या. तहानलेला पाहुणा आणि भ्यालेला यजमान यांच्या या पहिल्या भेटीत पुढच्या चार शतकांचे बीज होते, असे आम्हांस वाटते. १५०७ मध्ये पोर्तुगीजांनी बेटावर वखार आणि लहानसा कोट उभारला, आणि त्याबरोबरच रुग्णालयही. १५२२ मध्ये बेटाच्या टोकाला मातेचे छोटे देवालय बांधले. ते आजही उभे आहे. १५५८ मध्ये सांव सेबास्तियांव किल्ल्याचा पाया घातला गेला. त्या किल्ल्यात पावसाचे पाणी साठविण्याचे टाके आहे. पुढे १६०७ आणि १६०८ साली डचांनी वेढे घातले, तेही या किल्ल्याने परतवून लावले. सबंध मुलखाला पुढे मिळालेले नाव मुळात या चिमुकल्या बेटाचे.

कोटाबरोबर रुग्णालय आले, याचे कारण सरळ आहे. पाच-सहा महिने खारवलेले मांस आणि किडके बिस्किट खाल्लेली, हिरड्या सुजून दात हललेली माणसे जहाजातून उतरत, ती ताज्या फळांची आणि विश्रांतीची भुकेली असत. परंतु या बेटावर हिवतापाचे राज्य होते. समुद्राने ज्यांना जिवंत सोडले, त्यांतल्या कित्येकांना मुक्कामाने नेले. लिस्बनच्या दरबारातून, निकड असल्याखेरीज जहाजांनी मोझांबिकला थांबू नये, असे हुकूम पुनःपुन्हा निघत. हुकूम पुनःपुन्हा काढावे लागतात, यावरूनच ते कितपत पाळले जात असतील, हे चतुर वाचकाने ओळखावे. वाऱ्यावर समन्स बजावता येत नाही.

गोव्यात ज्यांना 'गोंयचो सायब' म्हणून ओळखतात, त्या फ्रान्सिस झेवियर यांना हा मुक्काम पुरा भोगावा लागला. ७ एप्रिल १५४१ रोजी ते नवे गव्हर्नर मार्तिम आफोंसु द सौझा यांच्याबरोबर लिस्बनहून निघाले. जहाजांना उशीर झाला, आणि त्या वर्षीचा मोसम हुकला. त्या वर्षाच्या उत्तरार्धापासून १५४२ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, ते मोझांबिकला अडकून पडले. जहाजांवरचे आजारी तेथल्या रुग्णालयात आणलेले होते. त्यांची सेवा करता करता झेवियर स्वतःच तापाने आजारी पडले. गव्हर्नरांना गोव्याला जाण्याची घाई होती. ते झेवियरना घेऊन पुढे निघाले, आणि झेवियर यांचे दोन सोबती रुग्णांची शुश्रूषा करण्यासाठी मागे राहिले. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. तेरा महिन्यांच्या या प्रवासातला जवळजवळ निम्मा काळ त्या बेटावर गेला होता. चरित्रांतून ६ मे या तारखेला मोठा मान आहे. मागे राहिलेल्या त्या दोघांची आणि ज्यांच्यासाठी ते राहिले त्या रुग्णांची आठवण मात्र क्वचितच निघते.

येथे आम्हांस मध्ययुगीन युरोपातल्या एका सागरी कायद्याचे स्मरण होते. ओलेरों नावाच्या फ्रेंच बेटाच्या नावाने ही संहिता प्रसिद्ध आहे. त्यात एक कलम असे आहे, की जहाजाच्या सेवेत असताना खलाशी आजारी पडला, तर कप्तानाने त्याला किनाऱ्यावर उतरवून एखाद्या घरात जागा पाहून द्यावी, उजेडासाठी दिवाबत्ती पुरवावी, आणि त्याच्या उशाशी जहाजावरचा एखादा पोरगा ठेवावा किंवा पैसे देऊन एखादी बाई नेमावी. बरा झाला तर त्याचे वेतन त्याला मिळावे. मरण पावला तर ते त्याच्या बायकोला किंवा वारसांना जावे. कायद्याची पुस्तके चाळण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हांसही, दिव्याची तरतूद करणारे हे कलम वाचताना थांबावेसे वाटते. आजाऱ्याची रात्र लांब असते, हे ते लिहिणाऱ्याला ठाऊक होते. परंतु त्याच कलमाचा दुसरा भाग असा, की जहाज निघायला तयार असेल, तर त्याने त्या आजाऱ्यासाठी थांबण्याचे कारण नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. एका माणसासाठी सर्वांचा मोसम बुडविता येत नाही. मग त्या माणसाचा भार पडतो कोणावर? बंदरावर. त्या घरावर, त्या दिव्यावर, त्या बाईवर. जहाज गेल्यावर उरलेली सगळी जबाबदारी किनाऱ्याची.

मागे राहिलेल्यांत सगळेच आजारी नसत. काही कर्जबाजारी असत. पोर्तुगालचा महाकवी लुईश द कामोंइश १५६७ च्या सुमारास गोव्याहून परत जायला निघाला, तो मोझांबिकपर्यंतच पोहोचू शकला. पुढच्या प्रवासाचा खर्च करण्याची ऐपत नव्हती. सुमारे दोन वर्षे तो त्या बेटावर राहिला. १५६९ च्या सुमारास दियोगु दु कौतु आणि त्याचे मित्र परतीच्या जहाजाने तेथे आले, तेव्हा त्यांना हा कवी स्नेह्यांच्या अन्नावर दिवस काढताना आढळला. त्यांनी त्याला कपडे दिले, वर्गणी काढून त्याला सोडविले आणि बरोबर घेतले. कौतुने हे लिहून ठेवले आहे. त्यानेच असेही नोंदविले आहे, की त्या दिवसांत कामोंइश आपल्या महाकाव्यावर अखेरचा हात फिरवीत होता. ते 'लुझियाद' १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले. गामाच्या विजयी सागरगमनाचे हे काव्य. त्याचा शेवटचा संस्कार झाला तो जहाजाच्या भाड्यालाही महाग झालेल्या माणसाच्या हातून, आणि गामाने ज्या बंदरावर तोफा डागल्या होत्या त्याच बंदरात. हाच कौतु पुढे गोव्याच्या दप्तरखान्याचा पहिला अधिकारी झाला. दप्तरे सांभाळणाऱ्या माणसाने एका उपाशी मित्राची नोंद ठेवली, याबद्दल आपण त्याचे ऋणी असले पाहिजे.

येथवर आम्ही पाहुण्यांची बाजू मांडली. त्यांचे हाल खरे होते, आणि ते सांगणारे साक्षीदारही पुष्कळ आहेत. परंतु दाव्याला दुसरीही बाजू असते. ज्या बंदरांत हे मुक्काम पडले, त्या बंदरांनी काय सोसले?

१५२८ साली गव्हर्नर म्हणून भारताकडे निघालेल्या नुनु द कुन्य याच्या आरमाराचा मोसम हुकला. सैन्य ठेवायला जागा हवी होती. त्याने मोंबासा शहर हल्ला करून ताब्यात घेतले आणि तेथेच 'हिवाळा' काढला. तापाने त्याची शेकडो माणसे मेली. वारा अनुकूल होताच, १५२९ मध्ये, शहराला आग लावून आरमार निघून गेले. एका आरमाराच्या मुक्कामाचे भाडे म्हणून एका शहराची राख.

सागरी व्यापाराच्या कायद्यात डेमरेज नावाची एक बाब आहे. मालाच्या चढउतारीसाठी करारात दिवस ठरलेले असतात. त्याहून अधिक काळ जहाज खोळंबून राहिले, तर ज्याने ते भाड्याने घेतले त्याने जहाजमालकाला दरदिवशी ठराविक रक्कम भरून द्यावी लागते. म्हणजे जहाजाच्या वाट पाहण्याला कायद्याने किंमत लावली आहे. खोळंबलेल्या जहाजाला पोसणाऱ्या गावाचे डेमरेज कोणी द्यावे, हा प्रश्न कोणत्याही करारात आलेला आम्ही वाचलेला नाही.

मोझांबिक बेटावर हा प्रश्न दगडात कोरलेला दिसतो. बेटाचे दोन भाग आहेत. उत्तरेला दगडी शहर: राजवाडा, देवालये, वखारी, व्यापाऱ्यांच्या गच्चीच्या हवेल्या. दक्षिणेला माकुटी शहर. माकुटी म्हणजे माडाच्या झावळ्यांचे शाकार. आपल्या चुडतांच्या छपरांचाच आफ्रिकी भाऊ. या दक्षिण भागातल्या वस्त्या रस्त्याच्या पातळीहून खाली, खोलगट जागेत आहेत. कारण दगडी शहर बांधण्यासाठी लागलेला प्रवाळाचा दगड याच जमिनीतून खणून काढला. वर हवेल्या चढत गेल्या आणि त्या बांधणाऱ्यांची घरे खणलेल्या खाणींत राहिली. पावसाळ्यात पाणी कोणत्या बाजूला जाते, हे सांगायला स्थपती लागत नाही. १९९१ मध्ये युनेस्कोने या बेटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा हे दोन्ही भाग त्या वारशात आले. हा न्याय उशिराचा असला, तरी योग्यच आहे.

बंदराच्या बाजूला केवळ शोषितच होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दीवचे वाणी व्यापारी कापडाची गाठोडी घेऊन मोझांबिकला जात. गुजरातचे कापड त्या किनाऱ्यावर नाण्यासारखे चाले. १६८६ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांच्या एका मंडळाला दीव आणि मोझांबिक यांमधल्या व्यापाराची मक्तेदारी दिली. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चाले. म्हणजे त्या बेटावर जे घडले, त्याच्या हिशेबाच्या वह्यांत आपल्या किनाऱ्याचेही खाते आहे.

त्या खात्यातली सर्वांत जड रक्कम माणसांची. मोझांबिकला मोसमाची वाट पाहणाऱ्यांत असा एक वर्ग होता, ज्याला पुढचा प्रवास नकोच होता. आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून आणलेली माणसे तेथून जहाजांत भरून गोव्यात आणली जात आणि विकली जात. पालखी उचलायला, पाणी भरायला, घरकामाला, शिपाईगिरीला त्यांना लावीत. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला १८३६ मध्ये. गुलामगिरी रद्द होण्यास १८६९ साल उजाडावे लागले. लिन्स्खोटेनने आपला प्रवास लिहिला, झेवियर यांची पत्रे जपली गेली, कामोंइशची कैफियत त्याच्या मित्राने नोंदली. या माणसांचे रोजनामे नाहीत. कोकणीत उरलेला 'खाप्री' हा एक शब्द त्यांची आठवण ठेवून आहे, आणि तोही आपण फारशा सन्मानाने वापरीत नाही.

तथापि साक्षीदार अगदीच नाहीत, असे नव्हे. बेळगावहून खाली कारवार जिल्ह्याकडे उतरावे. हल्याळ, यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोकांच्या वाड्या आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळ जण गोव्यातून मालकांचे घर सोडून रानाच्या आश्रयाला आले, असे मानले जाते. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. ते घरात जी भाषा बोलतात, ती कोकणीचाच एक प्रकार आहे. ज्यांच्या पूर्वजांना मोझांबिकच्या मुक्कामाने आपल्या किनाऱ्यावर आणून टाकले, ते आज आपल्याच भाषेत आपल्या मुलांना झोपवितात. दोन भाषांच्या या मासिकाच्या वाचकाला याहून अधिक काही सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या किनाऱ्यानेही मुक्कामाची बंदरे चालविली. मांडवीच्या मुखावरच्या किल्ल्याचे नावच आग्वाद. त्याचा अर्थ पाणी भरण्याची जागा. १६१२ मध्ये पुरा झालेल्या या किल्ल्याच्या आवारातल्या झऱ्यांवर दूरच्या प्रवासाला निघालेली जहाजे पिंपे भरीत. मोझांबिकला जे नव्हते, ते येथे होते. आणि किनाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हेही आपल्याकडे कोणी लिहून ठेवले नाही असे नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच आरमाराची छावणी सोयीच्या बंदरात करावी, असे त्यात आहे. मुक्कामाची वेळ ओळखणे हे राज्यकर्त्याचे काम होय, ही जाण त्यामागे आहे. लाकडाविषयीची आज्ञा तर सुप्रसिद्धच आहे: आंबे-फणसांची झाडे प्रजेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये; एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मग तोडावे. आज्ञा लिहिली गेली म्हणजे ती प्रत्येक खाडीत पाळली गेली, असा आमचा दावा नाही. आरमारी लोकांचा उपद्रव आपल्याही गावांना झाला असेल. परंतु आरमार किनाऱ्याचे देणे लागते, हे तत्त्व राजशासनात शब्दांनी मांडले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. ओलेरोंच्या संहितेत आजाऱ्याचा दिवा आहे. अमात्यांच्या आज्ञेत झाडाचा धनी आहे. कायद्याची खरी परीक्षा अशा लहान गोष्टींत होते.

१८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली, आणि मोझांबिकची वाट ओस पडली. १८९८ मध्ये राजधानीही दक्षिणेला लोरेंसु मार्केशला गेली. ज्या बेटावर जगातली जहाजे खोळंबत, ते बेट स्वतःच मागे राहिले. परंतु शिडाचा कायदा संपलेला नाही. गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेली 'तारिणी' ही भारतीय नौदलाची शिडाची नौका लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी स्त्रियांनी पृथ्वीभोवती नेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी, पावसाळा ओसरताना, त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी, पुढचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी, गोव्यात परतल्या. यंत्रांच्या युगातही निघण्या-पोहोचण्याचे महिने जुन्या मालमाला मान्य व्हावेत असेच होते. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा हिंदी महासागराचा अखेरचा टप्पा ओलांडण्यापूर्वी त्यांना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात ठरलेला नसलेला मुक्काम करावा लागला. दुरुस्ती झाली, आणि मग नौका पुढे निघाली. पाच शतकांपूर्वी अंजदीववर जो धीर अपुरा पडला होता, तो येथे पुरला.

या सर्व हकिकतीतून आम्हांस एकच निष्कर्ष मांडावयाचा आहे. समुद्र ओलांडणाऱ्याच्या धैर्याला इतिहासाने मान दिला, तो योग्यच दिला. परंतु कोणतेही जहाज केवळ आपल्या शिडांवर महासागर ओलांडीत नाही. वाटेतल्या कोणत्या तरी बंदराने त्याला पाणी दिलेले असते, त्याचे आजारी सांभाळलेले असतात, त्याचे मृत पुरलेले असतात, आणि प्रसंगी आपली माणसेही गमावलेली असतात. ते देणे मान्य न करता लिहिलेला सागरी इतिहास म्हणजे केवळ जहाजमालकाची कैफियत होय. ती खरी असली, तरी एकतर्फी आहे; आणि एकतर्फी कैफियतीवर निकाल देऊ नये, हा आमच्या पेशातला पहिला धडा.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. समुद्राचा मान आहे, तो अवश्य द्यावा. मात्र त्या दिवशी किनाऱ्यावर उभे असताना पाठीमागच्या गावाकडेही एकदा वळून पाहावे. पावसाळाभर ज्या पडवीने जाळे सांधू दिले, ज्या विहिरीने पाणी दिले, ज्या माडाने होडी बांधून धरली, तिकडेही हात जोडावेत. होडी दर्यात लोटली जाते, ती त्यांच्या भरवशावर.